बालगुन्हेगारी-प्रतिबंध, मुंबईतील

मुलांना गुन्हेगारीपासून परावृत्त करण्यासाठी मुंबई शहरात पोलीस, न्यायालये व इतर शासकीय यंत्रणा आणि धर्मादाय संस्था ह्यांनी परस्परांच्या साहाय्याने उभारलेली व्यवस्था. तिची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जातात. तथापि तिला निश्चित आकार आला तो १९२४ चा मुंबई बालक अधिनियम आणि १९२७ मध्ये स्थापन झालेली चिल्ड्रन्स एड सोसायटी (बालसाहाय्य संस्था) ह्यांमुळे. कायदा शासनाने करावयाचा, मूल पोलिसांनी आणावयाचे, निर्णय न्यायालयाने द्यावयाचा आणि मुलाचा सांभाळ मात्र बव्हंशी लोकाश्रयावर चालणाऱ्या संस्थांनी करावयाचा, अशी ह्या व्यवस्थेची विभागणी होती. ह्या विभागणीतच तिचे बळ होते व तिच्या बहुतेक अडचणीही तीतूनच निर्माण झाल्या.

अशा सहकार्याची कल्पना मूळची इंग्लंडमधील. तेथे १८७६ पासून चर्च ऑफ इंग्लंडच्या मद्यपाननिषेधक संस्थेने लंडनच्या पोलीस न्यायालयांत आपले धर्मप्रसारक नेमण्यास प्रारंभ केला. मद्यपानामुळे किंवा किरकोळ गुन्ह्यांमुळे न्यायालयात आलेल्या व्यक्तींची चौकशी करणे, त्यांना काम मिळवून देणे व दंडाधिकाऱ्यास त्यांच्या वर्तनाविषयी माहिती देणे, ही कामे ते करीत. संस्थेच्या पगारावर असलेल्या ह्या माणसांवर दंडाधिकारी हळूहळू विसंबून राहू लागले व १९०७ च्या कायद्याने त्यांच्या कार्याला परिवीक्षा म्हणून वैधानिक स्थान मिळाले. पुढील वर्षी म्हणजे १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये मुलांसाठी स्वतंत्र न्यायालयांची तरतूद झाली. मुंबईतील पुढील घडामोडींवर ह्या दोन्ही कायद्यांचा ठसा स्पष्टपणे दिसतो.

भारतात १८५० च्या उमेदवारीविषयक अधिनियमाने अनाथ व दरिद्री मुलांना, तसेच किरकोळ गुन्ह्यांत सापडलेल्या मुलांना, तुरुंगात न धाडता एखाद्या कारागिराकडे वा संस्थेकडे उमेदवार म्हणून बांधून देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना दिला. परंतु केवळ अधिकार मिळाल्याने मुलांची सोय होण्यासारखी नव्हती. गुन्हा केलेल्या मुलाला स्वतःच्या दुकानात ठेवून घेण्यास कोणता सुतार वा लोहार राजी होणार, हा प्रश्न होताच. मुंबईत ही उणीव डेव्हिड ससून (१७९२–१८६४) ह्या बगदादहून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याच्या औदार्याने काही अंशी भरून निघाली. त्याच्या देणगीतून १८५७ मध्ये ससून औद्योगिक व सुधारशाळा स्थापन झाली. पोलिसांनी पकडलेल्या मुलांना येथे ठेवून सुतारकाम, लोहारकाम आदी धंदे शिकविण्यात येत. व्यापाऱ्याची देणगी, सरकारी अनुदान व दंडाधिकाऱ्याचा हुकूम ह्या तिहींच्या जोरावर चाललेली ही संस्था म्हणजे पुढील सर्व व्यवस्थेचा पहिला नमुना होय. डेव्हिड ससून औद्योगिक शाळा ह्या नावाने ती कालांतराने बालसाहाय्य संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आली.

सुधारशाळांविषयी १८७६ व १८९७ मध्ये अखिल भारतीय स्वरूपाचे कायदे झाले. त्यांनी बालगुन्हेगारांना प्रौढ कैद्यांपासून वेगळे ठेवण्याचे तत्त्व मान्य केले. परंतु १८९७ चा कायदा केवळ पंधरा वर्षांखालील मुलग्यांना लागू होता व तोही गुन्हा शाबीत झाल्यानंतर. मुलींचा त्यात विचारच नव्हता. तसेच ज्याने अद्याप गुन्हा केलेला नाही, परंतु जो रस्त्यावर, गोदीत किंवा दारूच्या गुत्त्याभोवती वाढत आहे, अशा मुलाकडे पाहण्याची कोणतीही सोय ह्या कायद्यांत नव्हती.

मुंबईत तर अशाच मुलांची संख्या मोठी होती. कापडगिरण्या, गोदी व रेल्वे ह्यांनी कोकण, देश व उत्तर भारत ह्या भागांतून मजूर ओढून आणले. ते बहुधा एकटे येत व बायकामुले गावीच ठेवीत. शहराची लोकसंख्या १९२१ मध्ये सु. ११·७५ लाख होती आणि तीत दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण निम्म्याहून फारसे अधिक नव्हते. जी कुटुंबे शहरात राहत, ती चाळीतील एका खोलीत. आईबाप दोघेही पाळीवर गेले म्हणजे मुले गॅलरीत व रस्त्यावर वाढत. १८९६ पासूनची प्लेगची साथ व १९१८ चा इन्फ्लुएंझा ह्यांनी अनेक मुलांना पोरके केले. ह्याशिवाय दुष्काळाच्या वर्षी गावाकडून पळून येणारी मुले बोरीबंदरच्या स्थानकावर उतरत, ती वेगळीच. पाकीटमारी, गोदीतील मालाची चोरी, भुरट्या चोऱ्या ह्यांत सापडणारे मूल पोलिसांच्या दफ्तरी गुन्हेगार म्हणून नोंदले जाई. पण त्याच्या गुन्ह्याचे कारण शोधू गेल्यास ते बहुधा त्याच्या घराच्या दारातच सापडे, किंवा घर नसण्यात.

भारतीय तुरुंग समितीने (१९१९–२०) बालगुन्हेगारांसाठी स्वतंत्र न्यायालये व स्वतंत्र संस्था असाव्यात, अशी शिफारस केली. तीस अनुसरून मद्रास (१९२०), बंगाल (१९२२) व मुंबई (१९२४) ह्या प्रांतांनी बालक अधिनियम संमत केले. मुंबईच्या अधिनियमाचे वैशिष्ट्य असे, की त्यात गुन्हा केलेल्या मुलांबरोबरच निराधार, भीक मागणारी, दुराचारी व्यक्तींच्या सहवासात राहणारी, आईबापांच्या आटोक्याबाहेर गेलेली आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे अशी मुलेही समाविष्ट होती. गुन्हा घडल्यानंतर शिक्षा करण्यापेक्षा तो घडण्यापूर्वीच मुलाला त्या परिस्थितीतून उचलावे, हा त्यामागील हेतू होता. हेतू उदार खरा; पण गरिबी व गुन्हा ही दोन्ही एकाच कायद्याच्या छपराखाली आणल्याने पुढे जे प्रश्न निर्माण झाले, त्यांचे बीजही येथेच पडले.

अधिनियम संमत होऊनही मुंबई शहरात तो प्रत्यक्ष अंमलात येण्यास १९२७ साल उजाडावे लागले. मुलाला पोलीस कोठडीत ठेवावयाचे नाही व तुरुंगात धाडावयाचे नाही, असे कायद्याने ठरविल्यावर त्याला ठेवावयाचे कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात नव्हते. मुलाच्या घरची चौकशी कोणी करावी, न्यायालयाने सोडल्यावर त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावे, ह्यासाठीही सरकारजवळ माणसे नव्हती. ही कामे करण्यासाठी १ मे १९२७ रोजी बालसाहाय्य संस्थेची स्थापना झाली. शासनाचे सर्वोच्च पदाधिकारी तिचे पदसिद्ध प्रमुख असत. स्वातंत्र्योत्तर काळात हे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आले. मात्र कायद्याच्या दृष्टीने ती नोंदणीकृत धर्मादाय संस्थाच होती. वर्गणी व देणग्या गोळा करण्याची मुभा तिला होती, तसेच सरकारी अनुदानही मिळे. तिला सरकारी खाते म्हणावे की खाजगी संस्था, हा वाद तिच्या कर्मचाऱ्यांच्या वेतनापासून ते इमारतींच्या दुरुस्तीपर्यंत अनेक प्रसंगी उपस्थित होत राहिला आणि त्याचे समाधानकारक उत्तर कोणीही दिलेले नाही.

संस्थेचे पहिले व सर्वांत परिचित केंद्र म्हणजे डोंगरी भागातील उमरखाडी येथील रिमांड होम. ही जागा पूर्वी तुरुंगाची होती. कोल्हापूर प्रकरणातील अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर १८८२ मध्ये लोकमान्य टिळक व गोपाळ गणेश आगरकर ह्यांना तेथेच ठेवण्यात आले होते आणि आगरकरांनी आपल्या तेथील १०१ दिवसांचा वृत्तांत पुढे पुस्तकरूपाने लिहिला. मुलांना तुरुंगापासून दूर ठेवण्यासाठी निघालेल्या योजनेला जुन्या तुरुंगाच्या भिंतींतच आसरा घ्यावा लागला, ही गोष्ट त्या काळच्या काटकसरीची निदर्शक आहे. दगडी भिंती व लोखंडी दारे बदलणे सोपे नव्हते. रस्त्यावरील मुलांच्या बोलीत ‘डोंगरी’ हा शब्द पुढे अनेक दशके बंदिवासाचाच वाचक राहिला. संस्थेने मानखुर्द येथेही मुलांसाठी वसाहत उभारली. तेथे मोकळी जमीन असल्याने शाळा, उद्योगशिक्षण व खेळ ह्यांना वाव मिळाला. मंदबुद्धी मुलांसाठी स्वतंत्र गृहही तेथेच काढण्यात आले.

कार्यपद्धती : पोलिसाने आणलेल्या मुलाला प्रथम रिमांड होममध्ये दाखल करण्यात येई. तेथे त्याची वैद्यकीय तपासणी होई, आंघोळ घालून कपडे दिले जात आणि त्याचे नाव, गाव व आईबापांचा ठावठिकाणा विचारला जाई. मुले बहुधा खोटे नाव सांगत. अनुभवी कर्मचारी पहिल्या दिवशीची हकीकत टिपून ठेवीत, पण तिच्यावर विसंबत नसत. त्यानंतर परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जाई. चाळीतील खोलीत किती माणसे राहतात, बाप काय मिळवतो व त्यातील किती घरी आणतो, सावत्र आई आहे काय, मूल शाळेत जात होते काय, त्याच्या सोबत्यांत कोण आहेत, शेजारी काय म्हणतात, ह्या सर्वांची चौकशी करून तो न्यायालयास अहवाल सादर करी. ह्या अहवालाची गुन्ह्याच्या पुराव्याशी गल्लत करू नये, अशी अपेक्षा असे. गुन्हा घडला की नाही हे एक आणि मुलाचे पुढे काय करावे हे दुसरे. प्रत्यक्षात हे दोन प्रश्न नेहमीच वेगळे राहिले असे म्हणता येणार नाही.

बालन्यायालयात दंडाधिकाऱ्यासमवेत मानसेवी स्त्री दंडाधिकारी बसत. वकील, गणवेशातील पोलीस व प्रेक्षक ह्यांना शक्यतो दूर ठेवण्यात येई आणि मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नसत. मानसेवी दंडाधिकारी बहुधा शहरातील सामाजिक कार्यकर्त्या स्त्रिया असत व त्यांच्या रूपाने धर्मादाय संस्थांचे जग न्यायासनावर येऊन बसले, असे म्हणावयास हरकत नाही. न्यायालयाच्या हाती अनेक पर्याय असत : समज देऊन सोडणे; आईबापांकडून बंधपत्र लिहून घेऊन मूल त्यांच्या स्वाधीन करणे; ठराविक मुदतीपर्यंत परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवणे; प्रमाणित शाळेत धाडणे; किंवा ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता पावलेल्या एखाद्या संस्थेकडे सोपविणे. परगावाहून पळून आलेल्या मुलाला त्याच्या गावी पोहोचविण्यात येई. हा शेवटचा उपाय ऐकण्यास सर्वांत साधा, पण अंमलात आणण्यास सर्वांत कठीण. गावचा पत्ता खरा निघाला पाहिजे, पोहोचविण्यास पोलीस मिळाला पाहिजे आणि आईबापांनी मूल स्वीकारले पाहिजे. ह्यांपैकी कशाचाही खोळंबा झाला, तरी काही दिवसांसाठी आलेले मूल रिमांड होममध्ये कित्येक महिने राही. गुन्हा न केलेल्या मुलाचा मुक्काम गुन्हा केलेल्या मुलापेक्षा अधिक लांबल्याची उदाहरणे ह्या व्यवस्थेच्या इतिहासात विरळ नाहीत.

‘योग्य व्यक्ती’ ही कल्पना सहकार्याच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. तिच्यामुळे शहरातील अनाथाश्रम, स्त्रियांचे आश्रम, ख्रिस्ती मिशन, पारशी व इतर समाजांच्या संस्था ह्यांना न्यायालयाच्या हुकमाने मुले ठेवून घेता येऊ लागली. पश्चिम भारतातील बालसंरक्षण संस्थेचे माटुंग्याचे गृह, तसेच १९२० नंतरच्या दशकात निघालेला श्रद्धानंद महिलाश्रम ही अशा संस्थांची ठळक उदाहरणे होत. मुलाच्या धर्माचा विचार करून संस्था निवडण्याची दक्षता न्यायालय घेई. कारण मिशनांच्या संस्थांत धर्मांतर होते, ही शंका त्या काळी समाजात तीव्र होती. मान्यताप्राप्त संस्थांना सरकारकडून दर मुलामागे ठराविक रक्कम मिळे. ती खर्चाच्या मानाने अपुरी असे व उशिरा हाती येई, ही तक्रार संस्थांकडून सातत्याने होत आलेली आहे. उलट बाजूही लक्षात घ्यावयास हवी. खाजगी संस्थेला मूल नाकारण्याचा अधिकार होता, तर शासनाला तो नव्हता. लहान, निरोगी व आज्ञाधारक मुलांना जागा सहज मिळे. टोळीत वावरलेला, पुनःपुन्हा पळून जाणारा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मात्र कोणालाच नको असे. ज्याच्यासाठी हा खटाटोप, तोच अखेर उमरखाडीत उरे.

सामाजिक कार्याच्या शिक्षणाची जोड मिळाल्याने ह्या व्यवस्थेस शास्त्रीय बैठक लाभली. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅनशार्ट ह्यांनी १९२७ मध्ये नागपाडा नेबरहुड हाउस सुरू केले. कामाठीपुऱ्याला लागून असलेल्या ह्या दाट वस्तीत मुलांसाठी खेळ, वाचनालय व दवाखाना ह्यांची सोय झाली. मुलगा न्यायालयापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याच्या संध्याकाळी कोठे जातात हे पाहिले पाहिजे, हा त्यामागील विचार होता. मॅनशार्ट ह्यांच्याच पुढाकाराने व सर दोराबजी टाटा न्यासाच्या साहाय्याने १९३६ मध्ये समाजकार्याचे उच्च शिक्षण देणारी भारतातील पहिली संस्था मुंबईत स्थापन झाली. १९४४ पासून ती टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. तिने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन केंद्र उघडले. मुलाच्या चोरीमागे बुद्धिमांद्य, मानसिक ताण किंवा घरातील कलह असू शकतो, ही गोष्ट तोपर्यंत अनुभवी परिवीक्षा अधिकाऱ्यांना ठाऊक होती. आता ती तपासण्याचे साधन उपलब्ध झाले. संस्थेतून बाहेर पडलेले पदवीधर रिमांड होम, परिवीक्षा व कामगार कल्याण ह्या क्षेत्रांत गेले.

मुंबई प्रांतात १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांविषयी व १९३८ मध्ये परिवीक्षेविषयी कायदे झाले. परिवीक्षेची व्याप्ती त्यामुळे मुलांपलीकडे गेली. ह्या कामी मुंबईबाहेर जी यंत्रणा उभी राहिली, ती महाराष्ट्राचे वैशिष्ट्य म्हणता येईल. प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी परिवीक्षा व अनुरक्षण संघटना स्थापन करण्यात आल्या आणि त्यांची मध्यवर्ती संघटना पुणे येथे होती. जिल्हाधिकारी वा जिल्हा न्यायाधीश ह्यांच्यासारखे अधिकारी व गावातील वकील, डॉक्टर, शिक्षक आणि व्यापारी हे तिच्या कार्यकारिणीत एकत्र बसत. जिल्ह्याचे रिमांड होम ही संघटना चालवी, खर्चाचा मोठा भाग शासन देई व उरलेला गावातून उभा करावा लागे. जेथे एखादा कळकळीचा चिटणीस लाभला, तेथे रिमांड होमची शाळा, बाग व सणवार गावाच्या जिव्हाळ्याचे विषय झाले. जेथे तो लाभला नाही, तेथे कार्यकारिणीच्या सभा अनुदानाचा हिशेब मंजूर करण्यापुरत्याच होत राहिल्या. सुटून आलेल्या मुलांसाठी अनुरक्षण वसतिगृहेही काही ठिकाणी निघाली. परंतु प्रमाणित शाळेत शिकलेला मुलगा अठराव्या वर्षी बाहेर पडला, की त्याला काम व निवारा देणारे कोणी नसे, हा दुवा सर्वत्र कच्चाच राहिला.

शासन व धर्मादाय संस्था ह्यांच्या सहकार्याची दुसरी, काळोखी बाजूही ह्याच काळात मुंबई इलाख्यात दिसते. १८७१ च्या व विशेषतः १९११ च्या गुन्हेगार जमाती अधिनियमाखाली संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवून वसाहतींत डांबण्यात आले. सोलापूर, हुबळी, विजापूर आदी ठिकाणी अशा वसाहती होत्या. सोलापूरच्या वसाहतीचे व्यवस्थापन काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होते. अन्य प्रांतांत साल्व्हेशन आर्मीने हे काम हाती घेतले. तारेच्या कुंपणात राहणाऱ्या, हजेरी देणाऱ्या ह्या लोकांचे श्रम स्थानिक गिरण्यांना सोयीचे झाले. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची तरतूद १८९७ पासूनच करण्यात आली होती. येथे शाळा होत्या, दवाखाने होते, सद्‌हेतूने काम करणारी माणसेही होती. बालक अधिनियमाखाली प्रत्येक मुलाची स्वतंत्र चौकशी होई. वसाहतीत चौकशीचा प्रश्नच नव्हता, कारण दोष आधीच ठरलेला होता. मुंबई राज्याने हा कायदा १९४९ मध्ये व केंद्र शासनाने १९५२ मध्ये रद्द केला. विमुक्त ठरलेल्या जमातींतील मुले त्यानंतरही केवळ जमातीच्या नावावरून पोलिसांच्या संशयास पात्र होत राहिली.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये मुंबई बालक अधिनियम नव्याने करण्यात आला व सोळा वर्षांखालील सर्वांना ‘बालक’ मानण्यात आले. फाळणीनंतरचे निर्वासित व ग्रामीण भागातून वाढलेले स्थलांतर ह्यांमुळे शहरातील निराधार मुलांची संख्या वाढली होती. मुंबई पोलिसांनी मुलांच्या प्रश्नांसाठी वेगळे पथक नेमले. हरवलेल्या मुलांचा शोध व पळून आलेल्यांची चौकशी ही त्याची मुख्य कामे. १९५९ च्या भिक्षाप्रतिबंधक अधिनियमाने प्रौढ भिकाऱ्यांसाठीही अशीच पकड व संस्थाप्रवेशाची पद्धत आली. ह्या सर्व व्यवस्थेत मूळ अधिनियमातील दोष अधिकाधिक जाणवू लागला. निराधार व गुन्हेगार मुले एकाच पोलिसाकडून, एकाच गाडीतून, एकाच दारातून आत येत. न्यायालयात आणल्या जाणाऱ्या मुलांत गुन्हा न केलेल्यांचाच भरणा अधिक असे. संस्थेत शिरल्यानंतर त्यांतील काहींना जे धडे मिळत, ते शाळेच्या वेळापत्रकात नव्हते.

त्यामुळेच १९६० नंतर निघालेल्या काही संस्थांनी वेगळा मार्ग धरला. जेझुइट धर्मगुरूंनी १९६२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या स्नेहसदनने मोठ्या इमारतीऐवजी लहान घरे काढली. रेल्वे स्थानकांवरील मुलांशी प्रथम ओळख, मग विश्वास व त्यानंतर निवारा, असा तिचा क्रम होता. मूल स्वेच्छेने येई व जाऊही शके. न्यायालयाच्या हुकमावर उभ्या असलेल्या जुन्या पद्धतीच्या हा अगदी उलट प्रकार होता व पोलिसांना तो प्रारंभी सैल वाटला असल्यास नवल नाही. १९८८ मध्ये मीरा नायर ह्यांच्या सलाम बॉम्बे ह्या चित्रपटाने मुंबईतील रस्त्यावरची मुले व सुधारगृहातील जीवन ह्यांकडे देशोदेशीच्या प्रेक्षकांचे लक्ष वेधले आणि त्यातूनच सलाम बालक न्यास हा उपक्रम निघाला.

दरम्यान मुंबईच्या पत्रकार शीला बारसे ह्यांनी देशभरातील तुरुंगांत ठेवण्यात आलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १९८६ मध्ये न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवण्याबाबत कडक निर्देश दिले व संपूर्ण देशासाठी एकच कायदा असावा, असे मत व्यक्त केले. त्याच वर्षी बालन्याय अधिनियम संमत होऊन २ ऑक्टोबर १९८७ पासून अंमलात आला आणि मुंबईच्या १९४८ च्या अधिनियमाची जागा त्याने घेतली. उपेक्षित मुलांसाठी कल्याण मंडळ व अपचारी मुलांसाठी न्यायालय, असा भेद त्यात प्रथमच स्पष्टपणे करण्यात आला. साठ वर्षे एका दारातून येणाऱ्या मुलांना आता कागदोपत्री दोन दारे झाली. इमारती मात्र बऱ्याच ठिकाणी त्याच राहिल्या.

समाजकार्यकर्त्याने पोलिसांच्याच आवारात बसावे, हा नवा प्रयोगही मुंबईतच झाला. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात अत्याचारग्रस्त स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला. कक्षातील कार्यकर्त्या पोलीस खात्याच्या नोकर नव्हत्या. पण ठाण्यात आलेली स्त्री प्रथम त्यांच्याशी बोलू शके आणि ठाणे अंमलदारालाही त्यांना टाळता येत नसे. कालांतराने राज्यातील अनेक जिल्ह्यांत असे कक्ष निघाले व त्यांचा भार शासनाने उचलला. त्याच संस्थेच्या ‘प्रयास’ ह्या प्रकल्पाने १९९० पासून कच्चे कैदी व तरुण बंदी ह्यांना कायदेविषयक साहाय्य, कुटुंबाशी संपर्क आणि सुटकेनंतर रोजगार मिळवून देण्याचे काम हाती घेतले; अनुरक्षणाच्या जुन्या, कच्च्या दुव्याकडे ह्या रूपाने पुन्हा लक्ष गेले. १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया ह्यांच्या पुढाकाराने ह्याच संस्थेचा प्रकल्प म्हणून संकटग्रस्त मुलांसाठी चाइल्डलाइन ही चोवीस तास चालणारी दूरध्वनी सेवा सुरू झाली. १०९८ हा तिचा क्रमांक. ती प्रारंभापासून स्थानिक स्वयंसेवी संस्थांच्या जाळ्यावर चालत असे. दूरध्वनी आल्यावर त्या भागातील संस्थेचा कार्यकर्ता मुलापर्यंत पोहोचे व पोलीस, रुग्णालय, रेल्वे ह्यांच्याशी संधान बांधी. मुंबईतील हा प्रयोग केंद्र शासनाच्या साहाय्याने देशभर पसरला. २०२३ मध्ये तिचे संचालन स्वयंसेवी संस्थांकडून काढून शासकीय यंत्रणेकडे देण्यात आले. सेवा एकसूत्री व पोलिसांच्या आपत्कालीन क्रमांकाशी जोडलेली असावी, अशी त्यामागील भूमिका होती. गणवेशाला भिणारे मूल तो क्रमांक फिरवील काय, ही शंका अनेक कार्यकर्त्यांनी उपस्थित केली.

बालन्यायाचा कायदा २००० मध्ये नव्याने करण्यात आला व वयोमर्यादा मुलगे आणि मुली ह्या दोघांसाठीही अठरा वर्षे ठरली. न्यायालयाऐवजी बालन्याय मंडळ आले. त्यात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते असावेत व त्यांपैकी एक तरी स्त्री असावी, अशी तरतूद आहे. मुंबईच्या बालन्यायालयातील मानसेवी स्त्री दंडाधिकाऱ्यांची परंपरा अशा रीतीने अखिल भारतीय कायद्यात आली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या बलात्कार प्रकरणानंतर कठोर शिक्षेची मागणी जोर धरू लागली आणि २०१५ च्या अधिनियमाने, जो १५ जानेवारी २०१६ पासून अंमलात आला, घोर गुन्ह्याचा आरोप असलेल्या सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर प्रौढांप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. मात्र तत्पूर्वी मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची जाण आणि गुन्ह्यामागील परिस्थिती ह्यांचे प्राथमिक मूल्यांकन मंडळाने करावयाचे असते. त्यासाठी मंडळापुढे परिवीक्षा अधिकाऱ्याचा सामाजिक तपासणी अहवाल येतो. तो तयार करण्यासाठी अधिकाऱ्याला किंवा त्याने साहाय्यास घेतलेल्या संस्थेच्या कार्यकर्त्याला आजही मुलाच्या घरी जाऊन कुटुंबाची मिळकत, शाळा, सोबती व शेजारी ह्यांची चौकशी करावी लागते.